वजन उतरत नसेल तर आधी तेल तोला

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

नागपुरात थंडी सुरू झाली की अंबाझरी, फुटाळा, सेमिनरी हिल्स आणि सिव्हिल लाइन्समधल्या वॉकर्स स्ट्रीटवर पहाटेची गर्दी वाढते. जिममध्ये नवी भरती होते. दोन-तीन महिने सरले की तक्रार ऐकू येते ती ठरलेली: रोज तासभर चालतो, भात सोडला, साखर सोडली, रात्री नुसते सूप घेतो, तरी काटा जागचा हलत नाही. अशी तक्रार करणारी माणसे आळशी नसतात आणि खोटेही बोलत नसतात. हिशेब चुकलेला असतो, आणि बहुतेक घरांत तो स्वयंपाकघरातच चुकतो. तो कसा तपासायचा याची माहिती वाचकांना आकड्यांसकट मिळावी म्हणून हे जरा लांबलेले पत्र.

१९९२ साली न्यूयॉर्कमध्ये झालेला एक अभ्यास या विषयात आजही दाखला म्हणून दिला जातो. रोज १२०० कॅलरींहून कमी खाऊनही वजन उतरत नाही, असे सांगणारे १० जण त्यात होते. त्यांचे खाणे आणि शरीराचा खर्च प्रयोगशाळेच्या पद्धतीने मोजला. प्रत्यक्ष पोटात गेलेल्यापैकी सरासरी ४७ टक्के त्यांच्या नोंदीत नव्हते आणि व्यायाम ५१ टक्क्यांनी फुगवून लिहिला गेला होता. चयापचय मंद असेल असा त्यांचा समज होता. तो मंद नव्हता. यात फसवेगिरी नाही. फोडणीतले तेल, चहातली साखर, मुलाच्या ताटात उरलेली अर्धी पोळी, येता-जाता तोंडात टाकलेला चिवडा कोणाच्याच लक्षात राहत नाही.

चालण्याचा हिशेब सोपा आहे. सपाट रस्त्यावर साधारण वेगाने चालताना जादा खर्च होणाऱ्या कॅलरी म्हणजे तुमचे वजन किलोत, गुणिले अंतर किलोमीटरमध्ये, त्याच्या निम्मे. ७५ किलोचा माणूस ५ किलोमीटर चालला की सुमारे १९० कॅलरी. घाम किती आला याचा इथे संबंध नाही. धावल्यास हा आकडा जवळजवळ दुप्पट होतो, पण ज्यांचे वजन खरोखर जास्त आहे त्यांच्या गुडघ्यांना ते झेपेलच असे नाही.

आता फेरी संपल्यावरच्या तर्री पोह्यांकडे, म्हणजे हरभऱ्याचा तेलकट, तिखट रस्सा घातलेल्या पोह्यांकडे बघू. एका भरल्या प्लेटीत कोरडे पोहे साधारण ७० ग्रॅम धरा, म्हणजे २४५ कॅलरी. पोह्यांच्या फोडणीचे तेल १० ग्रॅम, ९० कॅलरी. तर्रीतला हरभरा कोरडा २० ग्रॅम, ७० कॅलरी. वर तरंगणारे लाल तेल १० ग्रॅम, पुन्हा ९०. वरून भुरभुरलेली शेव १० ग्रॅम, ५५. झाले साडेपाचशे. सोबत दोन चमचे साखरेचा, घट्ट दुधाचा चहा घेतला की ६३०. तर्री पोहे सोडा असे नागपूरकराला सांगण्याचा आमचा इरादा नाही, आणि सांगून कोणी ऐकणारही नाही. पण घरी ३०० कॅलरींचा नाश्ता झाला असता आणि चालून आलो म्हणून ६३० चा झाला, तर १९० कमावून ३३० उधळले. पाऊण प्लेट, ‘तर्री वरची नको, खालची द्या’ आणि चहा अर्ध्या साखरेचा, एवढ्यावरही हा नाश्ता चारशेच्या आसपास येतो.

मनगटावरचे घड्याळ किंवा ट्रेडमिलचा पडदा जो कॅलरींचा आकडा दाखवतो, त्यावर विसंबून खाऊ नका. २०१७ साली स्टॅनफर्ड विद्यापीठाने अशी सात उपकरणे तपासली. नाडीचे ठोके बहुतेकांनी बरे मोजले, पण कॅलरींच्या बाबतीत सर्वांत बरे उपकरणसुद्धा सरासरी २७ टक्के चुकले. घड्याळ पावले मोजण्यासाठी वापरावे. आणखी एक बाब सहज सुटते: सकाळी जिम करून आलेला माणूस दिवसभर जास्त बसतो. जिन्याऐवजी लिफ्ट, कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत स्कूटर, ‘आज व्यायाम झालाय’ म्हणून दुपारी आडवे होणे. कमावलेल्या १९० कॅलरी यातच विरून जातात. म्हणून पावले दिवसभराची मोजायची, फेरीपुरती नाही.

आता तेल. एक ग्रॅम तेलात ९ कॅलरी. पीठ, डाळ, साखर यांत ग्रॅममागे सुमारे ४ किंवा त्याहून कमी. पाच मिलिलिटरचा सपाट चमचा म्हणजे सुमारे ४० कॅलरी, आणि घरातली मोठी पळी अशा तीन-चार चमच्यांची असते. शेंगदाण्याचे, सूर्यफुलाचे, घाण्याचे, ऑलिव्हचे, कोणतेही घ्या, या आकड्यात फरक पडत नाही. तुपातही नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहार मार्गदर्शिकेत २००० कॅलरींच्या दिवसभराच्या ताटात तेल-तूप मिळून २७ ग्रॅम धरले आहे. वजन उतरवणारा माणूस १५०० कॅलरींवर असेल, तर त्याच्या वाट्याला २० ग्रॅम, म्हणजे चार-साडेचार चमचे येतात. त्यात पोळीवरचे तूप आले, भाजी आली, वरणाची फोडणी आली, आणि चटणीवर घातलेले कच्चे तेलही आले.

घरात प्रत्यक्षात किती जाते? चार मोठ्या माणसांच्या घरात २७ ग्रॅमप्रमाणे महिन्याला ३ किलो २४० ग्रॅम, म्हणजे साधारण साडेतीन लिटर लागायला हवे. १५ किलोचा पिपा साडेचार महिने पुरला पाहिजे. तो दोन महिन्यांत संपत असेल, तर माणशी रोज ६२ ग्रॅम तेल जाते आहे, म्हणजे नुसत्या तेलाच्या साडेपाचशेहून जास्त कॅलरी. प्रमाणापेक्षा ३०० हून अधिक कॅलरी रोज, आणि ताटात कुठेही ‘जास्त’ खाल्ल्यासारखे दिसत नाही. घरात ‘डाएट’ करणारी व्यक्ती दोन पोळ्या कमी खाते आणि तीच भाजी वाटीभर जास्त घेते, तेव्हा पोळीच्या जागी तेलच पोटात जाते.

तोलायची पद्धत अशी. पाच किलोपर्यंत तोलणारा, एका ग्रॅमचा फरक दाखवणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या. काहीशे रुपयांत मिळतो. पिपा त्यावर ठेवता येणार नाही, म्हणून रोजच्या वापराची किटली तोलायची. सोमवारी सकाळी किटली भरून वजन लिहा. आठवड्यात पुन्हा भरली तर भरण्याआधीचे आणि नंतरचे, दोन्ही आकडे लिहा. पुढच्या सोमवारी उरलेली किटली तोला. तळणाचे उरलेले तेल वेगळ्या भांड्यात ठेवत असाल तर तेही तोलून वजा करा. एकूण वापराला सातने आणि जेवणाऱ्या माणसांच्या संख्येने भागा. पाहुणे आलेला किंवा घरी सण असलेला आठवडा धरू नका, पण रविवार मात्र धराच. तुपाच्या डब्याचाही असाच हिशेब ठेवा.

तेल कमी करताना बहुतेक घरांत एक चूक होते: किटलीतून थेट कढईत ओतायचे आणि ‘आज कमीच टाकले’ म्हणायचे. ओतताना अंदाज चुकतोच. किटलीजवळ मापाचा चमचा ठेवा आणि चार माणसांच्या भाजीला तीन चमचे हा आकडा धरा. कढई आधी तापू द्या, मग तेल घाला. तापलेले तेल पातळ होऊन पसरते आणि तेवढ्यातच मोहरी तडतडते. थंड कढईत तेल घातले की तळ झाकला जाईपर्यंत हात थांबत नाही. मसाला परतताना कोरडा पडला की दुसरी पळी तेल घालण्याऐवजी दोन चमचे गरम पाणी शिंपडा, लागत नाही. वांगी आणि बटाटे आधी वाफवून घ्या. कच्चे वांगे तेल शोषून घेते, त्यामुळे सगळे तेल पिऊनही भाजी कोरडीच दिसते आणि आणखी घातले जाते. सावजी पद्धतीच्या रश्शाला तेल जास्त लागतेच. मसाला नीट भाजला जावा म्हणून ते घालावे लागते. त्यात काटकसर करून चव बिघडवण्यापेक्षा शिजल्यावर रस्सा न ढवळता पंधरा मिनिटे ठेवा आणि वर आलेली तर्री, म्हणजे लाल तेल, पळीने वाटीत काढा. वाटी तोलून पाहिलीत तर पुढच्या वेळी सांगावे लागणार नाही. काढलेली तर्री दुसऱ्या दिवशीच्या भाजीच्या फोडणीला चालते, मात्र त्या भाजीत वेगळे तेल नको.

‘हलके’ समजल्या जाणाऱ्या पदार्थांबद्दल थोडे. पोळी सोडून ज्वारीची भाकर धरली म्हणून वजन उतरत नाही. दोन्ही पिठांत १०० ग्रॅममागे साधारण ३३० ते ३५० कॅलरी असतात. एका पोळीला पीठ २५-३० ग्रॅम लागते आणि एका भाकरीला ५०-६०, म्हणजे एक भाकर बरोबर दोन पोळ्या. भाकरीला तेल लागत नाही आणि ती सावकाश खाल्ली जाते, हा तिचा फायदा. पण दोन पोळ्यांच्या जागी दोन भाकरी खाल्ल्या तर उलट भर पडते. पोळीचा गोळा एकदा तोला. ४० ग्रॅमचा गोळा म्हणजे सुमारे ९० कॅलरी, घडीत लावलेले तेल वेगळे. तांदूळ कच्चाच मोजा, ५० ग्रॅम म्हणजे १७५. शिजल्यावर पाणी किती धरले त्यावर वाटीचे वजन बदलते आणि मोजणे फसते. गूळ साखरेपेक्षा हलका नाही. मधाचा चमचा साखरेच्या चमच्याएवढाच पडतो, कारण मध जड असतो आणि चमच्यात जास्त बसतो. लिंबू-मध, ओव्याचे पाणी, जिऱ्याचे पाणी यांनी चरबी वितळत नाही. जवसाची चटणी, दाण्याचा कूट, बदाम, काजू हे पदार्थ चांगलेच आहेत, पण मूठभर शेंगदाणे (३० ग्रॅम) म्हणजे १७० कॅलरी. आपल्याकडे संत्र्याची कमी नाही, तेव्हा संत्री खावीत. मध्यम आकाराच्या एका संत्र्यात ६० कॅलरी आणि चावून खायचा चोथा असतो. ग्लासभर रसाला तीन संत्री पिळावी लागतात, चोथा कचऱ्यात जातो आणि पोट रिकामेच राहते. संत्रा बर्फी मात्र फळात मोजू नये! उपवासाबद्दल एवढेच, की साबुदाण्याची उसळ कूट आणि तुपासह प्लेटभर खाल्ली तर ती नेहमीच्या जेवणाहून कमी भरत नाही.

शनिवार-रविवारचा हिशेब वेगळा मांडून पाहा. सोमवार ते शुक्रवार रोज ४०० कॅलरी कमी खाल्ल्या तर आठवड्यात २००० वाचतात. शनिवारी रात्री बाहेर जेवण आणि रविवारी दुपारी मटण, वर संध्याकाळी आलूबोंडा, यात दोन दिवस प्रत्येकी १००० जास्त गेले की बाकी शून्य. पाच दिवस उपाशीपोटी तळमळलेला माणूस खरेच म्हणतो, ‘मी तर आठवडाभर काही खाल्लेच नाही.’ उपाय असा की पाच दिवसांची कपात ४०० वरून ३०० वर आणायची, म्हणजे शनिवारी तुटून पडायची वेळ येत नाही, आणि बाहेरच्या दोनपैकी एकच जेवण ठेवायचे.

नोंद ठेवायची तर सात दिवस सलग, खाल्ल्याबरोबर. रात्री बसून आठवून लिहिलेली नोंद उपयोगाची नाही. मोबाइलवर ताटाचा फोटो काढला तरी चालेल, पण त्यासोबत कच्च्या जिन्नसाचे वजन हवे.

काटा काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे कळले नाही तर चांगले चाललेले डाएटही मध्येच सुटते. एक किलो चरबीत सुमारे ७७०० कॅलरी असतात. रोज ४०० ची तूट पडली तर आठवड्याला साडेतीनशे ग्रॅम, महिन्याला दीड किलो. पहिल्या आठवड्यात दोन किलो उतरले तर त्यात बहुतेक पाणी असते. यकृत आणि स्नायूंत साठवलेल्या साखरेचा प्रत्येक ग्रॅम सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतो. खाणे कमी झाले की साठा रिकामा होतो आणि पाणीही जाते. लग्नात एक जेवण झाले, लोणचे-पापड झाले, की तेच पाणी परत येते आणि दुसऱ्या दिवशी दीड किलो वाढलेले दिसते. ती चरबी नव्हे. दीड किलो चरबीसाठी एका रात्रीत साडेअकरा हजार कॅलरी जादा खाव्या लागतील. पाळीच्या आधी बऱ्याच स्त्रियांच्या शरीरात पाणी साचते, म्हणून त्यांनी मागच्या महिन्याच्या त्याच दिवसाशी तुलना करावी. नव्याने वजने उचलायला लागलेल्यांचे स्नायूही काही आठवडे पाणी धरतात.

म्हणून वजन रोज, शौचानंतर, चहाच्या आधी, त्याच कपड्यांत करा. काटा फरशीवर ठेवा, सतरंजीवर नको. सात दिवसांची सरासरी काढून ती आधीच्या आठवड्याच्या सरासरीशी ताडून पाहा. ज्यांना रोजच्या आकड्याने घोर लागतो त्यांनी आठवड्यातून एकदाच करावे. शिवाय दर पंधरा दिवसांनी कमरेचा घेर: शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, टेप न आवळता. भारतीय पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेषा मानली जाते. वजनाची सरासरी तीच राहून घेर दोन सेंटिमीटर कमी झाला असेल तर काम बरोबर चालले आहे, काही बदलू नका. चार आठवडे दोन्ही आकडे ढिम्म असतील तरच १५०-२०० कॅलरी आणखी कमी करा किंवा तेवढे चालणे वाढवा.

सुरुवातीला उतरले आणि मग थांबले, याचे एक कारण साधे गणित आहे. ४२ वर्षांची, १५५ सेंटिमीटर उंचीची, ७२ किलोची स्त्री घ्या. दहा गुणिले वजन, अधिक सव्वासहा गुणिले उंची, वजा पाच गुणिले वय, वजा १६१ (पुरुषांना त्याऐवजी अधिक ५) या सूत्राने तिच्या शरीराचा विश्रांतीचा खर्च सुमारे १३२० येतो. बैठ्या कामाच्या दिनक्रमासाठी १.४ ने गुणले की दिवसाचा १८४५. तीच स्त्री ६४ किलोची झाली की हा आकडा १७३५ वर येतो. शिवाय कमी खाण्याच्या काळात शरीर नकळत हालचाल आणि खर्च आणखी थोडा आखडते. ७२ किलोला लागू पडलेले जेवण ६४ किलोला तेवढी तूट देणार नाही. हे सूत्र परदेशी लोकांवरून बेतलेले आहे, त्यामुळे आपल्याकडे ते थोडे जास्तच दाखवते असे धरून चाला आणि शेवटी आपल्या चार आठवड्यांच्या सरासरीवर विश्वास ठेवा.

यावर लोक जेवण ८००-९०० कॅलरींवर आणतात. वैद्यकीय देखरेखीशिवाय तसे करू नये. चरबीबरोबर स्नायूही जातात, केस गळतात आणि झपाट्याने वजन उतरल्यास पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो. स्नायू राखायचे तर प्रथिने आणि ताकदीचा व्यायाम, दोन्ही हवेत. किलोमागे सुमारे एक ग्रॅम प्रथिने धरा. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच. चार पोळ्या, थोडा भात, वाटीभर पातळ वरण आणि दोन कप चहा-दूध या शाकाहारी दिवसात जेमतेम ३०-३५ ग्रॅम होतात. त्यात ५० ग्रॅम कोरड्या सोयावड्या (२६ ग्रॅम), २०० ग्रॅम दही (६-७) आणि ३० ग्रॅम फुटाणे (६) घातले की सत्तरीला पोचता येते. वाढवलेल्या कॅलरी पोळी-भातातून कमी करायच्या, नाहीतर पुन्हा बेरीज वाढते. अंडे खाणाऱ्यांना एका अंड्यातून ६ ग्रॅम मिळतात.

ताकदीच्या व्यायामाला जिमच लागते असे नाही. खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, ओट्याला हात टेकून जोर, पाण्याच्या बाटल्या भरलेली पिशवी कमरेपर्यंत ओढणे. प्रत्येकी १०-१२ वेळा, तीन आवर्तने, आठवड्यातून दोन-तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून. बारा वेळा सहज जमू लागले की पिशवीत एक-दोन किलो वाढवा. वाढवलेच नाही तर महिनाभरात शरीर सरावते आणि पुढे काही घडत नाही. उठताना गुडघे आत वळू देऊ नका आणि श्वास कोंडू नका, विशेषतः रक्तदाब असेल तर.

नागपूरच्या उन्हाळ्याची दखल बाहेरून आलेल्या कोणत्याही डाएट चार्टमध्ये नसते. एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत, पारा ४५ च्या पुढे जाऊ लागला की सकाळी सातनंतर चालणे होत नाही आणि बरेच जण दोन महिने कूलरपुढून हलत नाहीत. ७५ किलोच्या माणसाचे रोजचे ५ किलोमीटर साठ दिवस बुडाले तर ११ हजारांहून जास्त कॅलरी, म्हणजे दीड किलो. त्यात गुळाचे पन्हे, उसाचा रस, रात्रीचे आइस्क्रीम, साखर आणि तूप घातलेला आमरस यांची भर. पहाटे साडेपाचला निघून साडेसहाला परत या. न जमल्यास इमारतीचा जिना दहा-दहा मिनिटे दिवसातून तीनदा. पन्हे प्या, पण गूळ निम्मा करा. आमरसाच्या दिवशी त्या जेवणातला भात वगळा. घाम काढणारे पट्टे आणि प्लास्टिकचे जाकीट घालून चालणे या हवेत निव्वळ धोक्याचे आहे. जाते ते पाणी, उष्माघात मात्र खरा होऊ शकतो.

झोपही यात येते. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या प्रयोगात सारखेच कमी खाणाऱ्या माणसांना एकदा चौदा दिवस साडेआठ तास आणि एकदा चौदा दिवस साडेपाच तास झोपेची संधी दिली. वजन दोन्ही वेळा जवळपास तेवढेच उतरले, पण कमी झोपेच्या काळात त्यातली चरबी निम्म्याहून कमी होती. मोठ्याने घोरणे, झोपेत श्वास अडकणे, दिवसा पेंग येणे असेल तर त्याची तपासणी करून घ्यावी.

एवढे नीट मोजूनही आकडा हलत नसेल तर शरीरात कारण शोधायचे, आधी नाही. थायरॉइडची टीएसएच तपासणी करावी, पण कमी थायरॉइडमुळे वाढणारे वजन सहसा दोन ते साडेचार किलोच्या आसपास असते आणि त्यातही बरेचसे क्षार-पाणी. पंधरा किलोचा दोष त्याच्यावर टाकता येत नाही. गोळी चालू असेल तर ती उपाशीपोटी, पाण्याबरोबर, चहाच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची आणि कॅल्शियम किंवा लोहाची गोळी तिच्यापासून चार तास दूर ठेवायची. चहाबरोबर गोळी घेणारे आणि डोस वाढवत नेणारे पुष्कळ आहेत. पाळी अनियमित, चेहऱ्यावर केस असतील तर पीसीओएस या स्त्रियांमधल्या संप्रेरकांच्या विकाराची तपासणी. इन्शुलिन, ग्लिमेपिराइड, पायोग्लिटाझोन, स्टेरॉइड, ओलॅन्झापिन, व्हॅलप्रोएट, मिर्टाझापिन, अशा काही औषधांनी वजन वाढते. ती मनाने बंद करायची नाहीत, पर्याय आहे का हे ज्यांनी लिहून दिली त्यांना विचारायचे. पोटावर रुंद जांभळे पट्टे, सहज पडणारे काळे-निळे डाग, मांड्यांत अशक्तपणा दिसला तर डॉक्टरांना दाखवायला उशीर करू नये. महागडे पॅकेज घेण्याआधी मेडिकल, मेयो किंवा मिहानमधील एम्स या सरकारी रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागात एकदा दाखवणे केव्हाही बरे.

२०२५ पासून वजन उतरवणारी टिर्झेपॅटाइड आणि सेमाग्लुटाइडची इंजेक्शने भारतातही मिळू लागली आहेत. चाचण्यांत त्यांनी सरासरी १५ ते २० टक्के वजन उतरवलेले आहे, त्यामुळे त्यांना थोतांड म्हणता येणार नाही. पण ती डॉक्टरांच्या चिठ्ठीचीच औषधे आहेत. मळमळ-उलटी बऱ्याच जणांना होते, प्रथिने कमी पडली तर स्नायू जातात, आणि सेमाग्लुटाइड थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्यापैकी सुमारे दोन तृतीयांश वजन परत आल्याचे चाचणीतच दिसले. ओळखीच्याकडून मागवून टोचून घेण्याची ही वस्तू नव्हे.

शेवटी आपल्याला एक विनंती. औषधे आणि चमत्कारी उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा, १९५४ याच्या परिशिष्टातील रोगांच्या यादीत लठ्ठपणा आहे. म्हणजे लठ्ठपणा बरा करणाऱ्या औषधाची जाहिरात देणे आणि छापण्यात सहभागी होणे, दोन्ही या कायद्याने रोखलेले आहे. तरीही छोट्या जाहिरातींच्या स्तंभांत आणि अंकातून येणाऱ्या पत्रकांत ‘१५ दिवसांत १० किलो, पथ्य नाही, व्यायाम नाही’ असा मजकूर सर्रास दिसतो. १५ दिवसांत १० किलो चरबी म्हणजे रोज ५ हजारांहून जास्त कॅलरींची तूट. वर उदाहरणात दिलेल्या स्त्रीचा दिवसाचा एकूण खर्चच १८४५ आहे. असा मजकूर घेऊन कोणी आले तर आपल्या जाहिरात विभागाने आधी पावडरीत किंवा काढ्यात काय आहे याची लेखी यादी आणि उत्पादनाचा परवाना क्रमांक मागावा, आणि लठ्ठपणावरचे औषध असेल तर जाहिरात परत करावी. आपल्या आरोग्य पुरवणीत एखादी चौकट रिकामी असेल तर तिथे तेल तोलायची वर दिलेली पद्धत छापावी, आमची हरकत नाही.

कळावे,
आपले विश्वासू
दोन आहारतज्ज्ञ व एक व्यायाम प्रशिक्षक
धरमपेठ, नागपूर